मानेचे दुखणे : कधी थांबावे, कधी तपासून घ्यावे



मागच्या एकादशीला भजन संपल्यावर प्रसादाच्या रांगेत उभी होते. रांगेतल्या चौघांनी मला मान दाखवली. कुणाची मान वळत नव्हती, कुणाच्या खांद्यात कळ होती, कुणाच्या बोटांना मुंग्या येत होत्या. एका काकांनी तर भारतातून आणलेला मानेचा पट्टा पिशवीतून काढून दाखवला आणि विचारले, "हा दिवसभर लावू का?" रांगेत उभ्या उभ्या नीट उत्तर देता येत नाही. म्हणून विश्वस्तांच्या सांगण्यावरून हा लेख लिहीत आहे.

मी 30 वर्षे इथल्या सरकारी रुग्णालयांत फिजिओथेरपिस्ट म्हणून काम केले आणि आता निवृत्त आहे. मी डॉक्टर नाही. या लेखावरून कुणी आपले निदान स्वतः करू नये. पण कोणत्या दुखण्याला घरी धीर धरायचा आणि कोणत्या दुखण्याला एक दिवसही थांबायचे नाही, एवढे प्रत्येकाला कळायला हवे. मला ते पुस्तकातून माहीत होते, आणि तरीही माझ्याच घरात चूक झाली. ती गोष्ट पुढे सांगते.

मान म्हणजे काय

आपल्या मानेत 7 मणके असतात. त्यांच्यावर साधारण साडेचार ते पाच किलो वजनाचे डोके दिवसभर तोललेले असते. दोन मणक्यांच्या मध्ये मऊ चकती असते. तिला गादी म्हणा. मणक्यांच्या मागच्या बाजूला एक पोकळ नळी तयार होते आणि तिच्यातून मेंदूकडून निघालेला मज्जारज्जू खाली उतरतो. प्रत्येक मणक्याच्या बाजूने नसा बाहेर पडतात आणि खांदा, दंड, हात, बोटे यांच्याकडे जातात.

वय वाढते तशी चकतीतली ओल कमी होते, तिची उंची घटते. मणक्यांच्या कडांना हाडाचे छोटे टोक वाढते. यालाच आपण 'स्पाँडिलायटिस' म्हणतो. डॉक्टर 'स्पाँडिलोसिस' म्हणतात. साठीनंतर बहुतेकांच्या एक्स-रेमध्ये हे दिसतेच, आणि त्यातल्या अनेकांची मान कधीही दुखत नाही. केस पिकतात तसेच हे आहे. म्हणून "रिपोर्टमध्ये मणके झिजलेत" असे वाचून घाबरू नका. एक्स-रेपेक्षा तुम्हाला काय होते आहे आणि तुमचे हातपाय कसे चालत आहेत, हे जास्त महत्त्वाचे आहे.

तीन प्रकार ओळखा

पहिला प्रकार स्नायूंचा. मान अवघडते, उसण भरते, सकाळी उठल्यावर एका बाजूला वळत नाही. उंच उशी, सोफ्यावर लागलेली डुलकी, तासन् तास मांडीवर टॅबलेट ठेवून पाहिलेले कीर्तन, जमिनीवर पोथी ठेवून केलेले पारायण, ही नेहमीची कारणे. दुखणे मान आणि खांदा इथेच राहते. बहुधा काही दिवसांत ते उतरते आणि काही आठवड्यांत जाते.

दुसरा प्रकार नसेचा. मानेतून बाहेर पडणारी एखादी नस दाबली जाते. मग कळ खांद्यावरून दंडात, दंडातून बोटांपर्यंत उतरते. चटका बसल्यासारखी, वीज गेल्यासारखी. बहुधा एकाच हातात. बोटांना मुंग्या येतात. दुखणे फार असते, पण यातलेही बरेच जण शस्त्रक्रियेशिवाय काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बरे होतात. मात्र डॉक्टरांना दाखवायलाच हवे, आणि हातातली ताकद कमी होऊ लागली तर लगेच.

तिसरा प्रकार मज्जारज्जूचा. झिजलेली चकती आणि वाढलेले हाड मधल्या नळीतच जागा अडवते आणि खुद्द मज्जारज्जू दाबला जातो. याला मायलोपॅथी म्हणतात. हा प्रकार तुलनेने कमी लोकांना होतो, पण सगळ्यांत फसवा आहे. कारण यात मान फारशी दुखतेच असे नाही. कधी कधी मुळीच दुखत नाही.

आमच्या घरी काय झाले

तीन वर्षांपूर्वी संक्रांतीच्या सुमारास यांची मान दुखू लागली. मी तपासले. मान थोडी कमी वळत होती, स्नायू ताठ होते. वय 74. मी म्हटले, "वयाचं आहे, शेक घ्या, व्यायाम सांगते तो करा." महिनाभरात दुखणे कमी झाले. मला समाधान वाटले.

उन्हाळ्यात यांना सदऱ्याची बटणे लावायला वेळ लागू लागला. हे म्हणाले, "डोळे अधू झाले." आम्ही चष्मा बदलला. घराची किल्ली दोनदा हातातून पडली. आम्ही हसलो. जिना उतरताना हे भिंतीला हात लावू लागले. म्हणाले, "पाय जड वाटतात." मी म्हटले, गुडघे असतील.

आणखी एक गोष्ट होती. मंदिरात देवापुढे मान लववली की यांच्या पाठीतून पायापर्यंत झिणझिणी जायची. वीज सळसळल्यासारखी. यांनी ते मला सांगितले नाही, एका मित्राला सांगितले. ते हात जोडून म्हणाले, "भाग्यवान आहात, देव दर्शन देतोय." हे मनातून सुखावले. त्या स्नेह्यांचा भाव खरा होता, त्यांना मी दोष देत नाही. पण मान पुढे वाकवल्यावर पाठीत किंवा हातापायांत वीज जाणे हे मज्जारज्जूचे लक्षण असू शकते, आणि मला ते माहीत होते. मी विचारलेच नाही, म्हणून ते माझ्यापर्यंत आले नाही.

मग गणेशोत्सव आला. आपल्या गणपतीच्या दूर्वांच्या जुड्या गेली अनेक वर्षे हेच बांधत. त्या दिवशी 21 दूर्वा मोजून घेतल्या, दोरा गुंडाळायला गेले आणि सगळ्या दूर्वा हातातून निसटून ताटात पडल्या. पुन्हा घेतल्या, पुन्हा पडल्या. तिसऱ्या वेळी यांनी ताट बाजूला सरकवले आणि शेजारच्या मुलीला म्हणाले, "तू कर गं, माझा हात आज ऐकत नाही."

'हात ऐकत नाही' हे शब्द कानावर पडले आणि माझ्या पोटात गोळा आला. बटणे, किल्ली, भिंत, जड पाय, सगळे एका ओळीत उभे राहिले. घरी आल्यावर मी यांना मूठ भराभर उघडायला आणि मिटायला सांगितली. निरोगी माणूस 10 सेकंदांत साधारण 20 वेळा करतो. यांनी नऊ वेळा केले. बोटे उघडायलाच अडखळत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला सर्जरीला फोन केला. जी.पीं.नी हातोडीने गुडघे-कोपर तपासले, चालून दाखवायला सांगितले आणि तातडीची चिठ्ठी दिली. एम.आर.आय. झाला. मानेच्या दोन ठिकाणी मज्जारज्जू चेपला होता. दिवाळीनंतर मानेच्या पुढच्या बाजूने शस्त्रक्रिया झाली.

आज हे काठी न घेता मंदिरात येतात. जिना उतरतात. पण उजव्या हाताची दोन बोटे अजून बधिर आहेत आणि ती तशीच राहतील असे सर्जन म्हणाले. ही शस्त्रक्रिया मुख्यतः पुढचे नुकसान थांबवण्यासाठी असते. जे गेले ते सगळे परत येईलच असे नाही. जितक्या लवकर निदान, तितके जास्त वाचते. मी उन्हाळ्यात बटणांकडे नीट पाहिले असते तर ती दोन बोटे वाचली असती का? नक्की कुणालाच सांगता येणार नाही. पण तो प्रश्न माझ्याबरोबर असतो.

घरी काय करावे

साध्या मानदुखीसाठी हे करून पाहा.

मान हलती ठेवा. पूर्ण विश्रांती घेऊन पडून राहिल्याने मान अधिक आखडते. खुर्चीत पाठ टेकून बसा. डोके हळू उजवीकडे वळवा, मधे आणा, डावीकडे वळवा. मग कान खांद्याकडे झुकवा, दोन्ही बाजूंनी. मग खांदे उचलून मागे फिरवा. शेवटी हनुवटी सरळ मागे घ्या, जणू कुणी पुढून ढकलली. प्रत्येक प्रकार पाच वेळा, दिवसातून दोनदा. ताण जाणवला तर चालेल. हातात मुंग्या, चक्कर किंवा तीव्र कळ आली तर तिथेच थांबा.

उशी एकच, आणि डोके पाठीच्या रेषेत राहील एवढीच उंच. पोथी, टॅबलेट, वर्तमानपत्र मांडीवर न घेता चौरंगावर किंवा टेबलावर, डोळ्यांच्या जवळ उंचीवर ठेवा. पारायणात दर अध्यायानंतर मान वर करून खांदे फिरवा. देव त्याने रागावत नाही.

शेक घ्यायचा तर पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून 15 मिनिटे. मधुमेहामुळे किंवा नस दाबल्यामुळे कातडी बधिर असेल तर शेक नकोच. चटका बसलेला कळत नाही.

गोळ्यांच्या बाबतीत फार जपा. पॅरासिटामॉल 500 मिलिग्रॅमच्या गोळ्या प्रौढाला 24 तासांत आठपेक्षा जास्त चालत नाहीत. अंगकाठी बारीक असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर त्याहून कमी. फार्मसिस्टना विचारा. सर्दीच्या औषधांतही पॅरासिटामॉल असते, तेही मोजा. आयबुप्रोफेन आणि भारतातून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या रक्त पातळ करणाऱ्या औषधांवर, मूत्रपिंडाच्या, हृदयाच्या किंवा अल्सरच्या रुग्णांनी परस्पर घेऊ नयेत. आयुर्वेदिक काढा, गुग्गुळ काही चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

काय करू नये

मानेला झटका देऊन 'कडकन' आवाज काढणे सक्त टाळा. केस कापणारा करो, मालिशवाला करो की आपलाच नातू. मानेतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या रक्तवाहिन्या जातात. झटक्याने त्यांना इजा होऊन पक्षाघात झाल्याची उदाहरणे आहेत. हलक्या हाताने तेल चोळायला हरकत नाही.

त्या काकांच्या पट्ट्याबद्दल. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय पट्टा दिवसभर लावू नका. स्नायूंचे काम पट्टा करू लागला की स्नायू आळसावतात आणि मान आणखी दुबळी होते. वजन लावून मान ताणण्याचे घरगुती प्रयोगही नकोत.

शीर्षासन आणि सर्वांगासन मानेचा त्रास असणाऱ्यांनी आणि हाडे ठिसूळ झालेल्यांनी करू नये. साष्टांग नमस्कार जमत नसेल तर उभ्याने हात जोडा. मान वळत नसेल तर गाडी चालवू नका. बाजूने येणारी सायकल दिसत नाही.

जी.पीं.कडे कधी जावे

काही आठवडे होऊनही दुखणे कमी होत नसेल, साध्या गोळ्यांनी उतरत नसेल किंवा झोप मोडत असेल, तर वेळ घ्या. अनेक सर्जऱ्यांत आता फिजिओथेरपिस्टही बसतात. रिसेप्शनवर तशी विचारणा करा.

पुढच्यापैकी काही असेल तर 'तातडीची वेळ हवी' असे स्पष्ट सांगा :

• बटण लावणे, सुईत दोरा ओवणे, निऱ्या घालणे, सही करणे, नाणी मोजणे पूर्वीसारखे जमत नाही. वस्तू हातातून निसटतात.
• चालताना तोल जातो, पाय जड किंवा ताठ वाटतात, पाऊल गालिच्यात अडकते.
• मान वाकवली की पाठीत किंवा हातापायांत वीज जाते.
• हाताची ताकद कमी होते आहे किंवा दोन्ही हात बधिर आहेत.
• पूर्वी कर्करोग झालेला आहे, किंवा वजन आपोआप उतरते आहे, रात्री घाम येतो, पडून राहिल्यावरही दुखणे थांबत नाही.
• सकाळी दोन्ही खांदे आणि मान इतकी ताठ असते की तासभर हात वर होत नाहीत. पन्नाशीनंतरचा हा एक वेगळा, सुजेचा आजार असू शकतो. रक्त तपासून कळतो आणि औषधाने चांगला आटोक्यात येतो.

त्याच दिवशी, त्याच तासाला

पन्नाशीनंतर नवीन डोकेदुखी, केस विंचरताना टाळू दुखणे, घास चावताना जबडा दुखणे, दिसायला अंधुक होणे यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी जी.पी. किंवा 111. डोक्याच्या रक्तवाहिन्यांना सूज आल्याने असे होते आणि उपचार लांबला तर दृष्टी कायमची जाऊ शकते.

हातापायांतली ताकद अचानक जाणे, लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे, लघवी तुंबणे, यासाठी सरळ ए अँड ई.

पडल्यानंतर मान दुखू लागली तर, अगदी खुर्चीवरून घसरले तरीही, चोळू नका, शेकू नका. आपल्या वयात लहानशा पडण्यानेही मानेचे हाड मोडू शकते. मान न हलवता 999 ला फोन करा.

छातीत दडपण येऊन कळ मानेत, जबड्यात किंवा हातात जाणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, अचानक असह्य डोकेदुखी, किंवा ताप येऊन मान ताठ होणे, उजेड न सोसणे, भ्रम होणे : 999. "रात्रीची वेळ आहे, मुलांना कशाला उठवू" असा विचार नको.

डॉक्टरांना काय सांगावे

आपल्या पिढीला एक सवय आहे. डॉक्टरांनी "कसे आहात?" विचारले की आपण "ठीक आहे" म्हणतो. दहा मिनिटांच्या भेटीत 'मान दुखते' एवढेच सांगितले तर गोळ्याच मिळतील. त्याऐवजी काय जमेनासे झाले ते सांगा. "पूर्वी सदरा मिनिटात घालत होतो, आता पाच मिनिटे लागतात." "दोन महिन्यांत दोनदा तोल गेला." कागदावर लिहून न्या. कधी सुरू झाले, वाढते आहे का, कोणत्या गोळ्या चालू आहेत.

इंग्रजी अडत असेल तर वेळ घेतानाच मराठी दुभाषी मागा. त्याचे पैसे पडत नाहीत. मुलगा किंवा सून बरोबर असणे चांगलेच, पण लघवीचा त्रास सुनेसमोर सांगायला सासरे लाजतात आणि नेमकी तीच गोष्ट राहून जाते. दुभाष्याला सगळे सांगता येते.

एम.आर.आय.च्या नळीत 20 ते 40 मिनिटे निश्चल पडावे लागते आणि मोठा खडखडाट होतो. कानाला झाकण देतात. पेसमेकर किंवा शरीरात धातू असेल तर आधीच कळवा. मंगळसूत्र आणि बांगड्या काढाव्या लागतात. ज्या भगिनींना त्याचे वाईट वाटते त्यांनी घरीच काढून देवाजवळ ठेवून जावे, परत आल्यावर घालावे.

स्पेशालिस्टकडे पाठवले म्हणजे शस्त्रक्रिया ठरली असे नव्हे. बहुतेकांना व्यायाम, औषध आणि लक्ष ठेवणे एवढेच सांगतात. आणि चिठ्ठी दिल्यावर वाट पाहताना त्रास वाढला तर गप्प बसू नका. सर्जरीला पुन्हा फोन करून 'वाढले आहे' असे कळवा. त्याने यादीतले स्थान बदलू शकते.

एक विनंती

आपल्या मंडळींपैकी अनेक जण एकटे राहतात. रुग्णालयाची वेळ मिळते, पण न्यायला कुणी नसते. दोन बस बदलायच्या म्हणून वेळ रद्द केलेले दोघे मला गेल्या वर्षभरात भेटले. म्हणून मंदिराच्या सेवागटातर्फे तीन गोष्टी मागत आहे.

ज्यांच्याकडे गाडी आणि महिन्यातून एक मोकळी सकाळ आहे त्यांनी रुग्णालयात नेण्या-आणण्यासाठी नाव द्यावे. ज्यांना बाहेर पडणे जमत नाही त्यांनी आठवड्यातून एका एकट्या सभासदाला फोन करावा आणि "कसे आहात?" न विचारता "आज स्वतः काय काय केलंत?" असे विचारावे. उत्तरात बरेच कळते. आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी सेवा निधीला हातभार लावावा. सभामंडपासाठी पाठ असलेल्या खुर्च्या आणि पोथीसाठी उंच चौरंग घ्यायचे आहेत. नावे आणि देणगी मंदिराच्या कार्यालयात द्यावी.

यंदाही गणपतीच्या दूर्वा आमच्याच टेबलावर असतील. हे मोजून 21 दूर्वा हातात देतात आणि दोरा ती मुलगी बांधते. तिच्या शेजारी येऊन बसा, जुडी बांधून पाहा. बोटे अडखळली तर तिथेच मला सांगा. मी या वेळी नक्की विचारणार आहे.

आपली नम्र,
सेवागटातील एक भगिनी